साधं टाक की, काय होतंय!

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर वळसंगला उभं राहा आणि जाणाऱ्या गाड्या बघा. गुरुवारी तर बघाच. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या परगावच्या गाड्या असतात, आणि त्यांच्यात आपल्याच पंचक्रोशीतल्या पोरांच्याही असतात. चार कड्यांची ऑडी, निळ्या-पांढऱ्या चक्रीची बीएमडब्ल्यू. नंबर पुण्याचा, मुंबईचा, कधी थेट दिल्लीचा. मालक मात्र इथलाच.

या गाड्या शोरूममधून आलेल्या नाहीत. त्या सेकंडहँड बाजारातून आल्यात.

आणि त्यात वाईट काहीच नाही. शहरातल्या साहेबानं नवी घ्यायची, दहा वर्षं फिरवायची आणि मग ती नव्या छोट्या गाडीच्या पैशात आपल्याकडं यायची, हा चांगलाच व्यवहार आहे. दिल्लीचा माल तर आणखी स्वस्त. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल वाहनं बंद ठरवली. तिथल्या मालकाला गाडी घालवायची घाई झाली. इथल्या एजंटाला आणायची घाई झाली.

घोळ होतो तो पंपावर.

"साधं का पॉवर?" नोझल हातात घेऊन पोरगा विचारतो. काच अर्धी खाली होते आणि आतून उत्तर येतं, "साधं टाक की, काय होतंय!"

काय होतंय ते बघू.

आधी खाली उतरा आणि टाकीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. उन्हानं फिकट पडलेला, धुळीनं माखलेला. बोटानं पुसा. 'रॉन ९५' असं काहीतरी दिसेल, म्हणजे गाडीला लागणारं ऑक्टेन. आरसी बुक दहादा पाहिलं, टायरची नक्षी पाहिली, सीटवरचा प्लॅस्टिक कागदसुद्धा जपून ठेवला. हा एवढासा स्टिकर किती जणांनी वाचला?

गाडी कंपनीनं तो शोभेसाठी लावलेला नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं. दाबलं की ते तापतं. ठिणगी पडली की ज्योत शिस्तीत पसरायला हवी. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटलं, तर आत हातोडा बसतो. त्यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतो. जितकं ऑक्टेन जास्त, तितकं पेट्रोल दाबाखाली जास्त वेळ दम धरतं.

टर्बो गाडीत हवा मुळातच कोंबून भरलेली असते. दाब जास्त म्हणून धीरही जास्त लागतो. हा एवढाच हिशेब आहे, त्यात श्रीमंती-गरिबी कुठून आली?

"पण माझी गाडी तर साध्यावर वर्षभर पळतेय!" पळणारच. आजच्या इंजिनात नॉक सेन्सर असतो. खडखड जाणवली की संगणक ठिणगीची वेळ मागं सरकवतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मरतो आणि अ‍ॅव्हरेज उतरतं. गाडी तक्रार न करता पळते, म्हणून मालकाला वाटतं की सगळं ठीक आहे.

ती निमूट सोसते आणि आपण त्याला बचत म्हणतो.

या बचतीचा हिशेब एकदा मांडूच. सोयीसाठी साधं पेट्रोल १०५ रुपये आणि प्रिमियम, म्हणजे जादा ऑक्टेनचं 'पॉवर', ११३ रुपये लिटर धरा. महिन्याला १००० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १०. प्रिमियमचे झाले ११,३०० रुपये, साध्याचे १०,५००. महिन्याला ८०० रुपये वाचले, असं मालक चावडीवर सांगतो. आता अ‍ॅव्हरेज १० वरून साडेनऊवर आलं तर? साध्याचा खर्च ११ हजारांवर जातो आणि बचत उरते अडीचशे. ९.३ वर आलं तर?

बचत शून्य. पिकअप गेला तो वेगळाच.

आणि सेन्सर म्हणजे अमरपट्टा नव्हे. तो वेळ सरकवतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मार्चात साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि ऊन चाळिशीकडं निघालेलं असतं. गाडीत पाच माणसं, एसी चालू, पुढं दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर. गिअर न पाडता मालक अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबतो. नॉकिंगला लागणारी सगळी सामग्री इथं जमलेली आहे. तापलेली हवा, कमी वेग, जास्त भार आणि टाकीत कमी ऑक्टेन.

सोलापूरच्या उन्हाला जर्मन गाडीचं कौतुक नाही.

त्यात ही गाडी सेकंडहँड. जुन्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचलेला असतो. त्यानं आतली जागा आक्रसते आणि दाब वाढतो. शिवाय तापलेला कार्बन स्वतःच ठिणगीचं काम करतो. म्हणजे गाडी जुनी झाली की तिची ऑक्टेनची गरज कमी होत नाही, उलट थोडी वाढते. "जुनी तर आहे, साधं चालतंय" हे वाक्य बरोबर उलटं आहे.

आणखी एक. तो नॉक सेन्सर अजून जिवंत आहे, हे कोणी तपासलं? विकायच्या आधी स्कॅनर लावून चेक इंजिनचा दिवा विझवणं, ही या धंद्यातली जुनी हातचलाखी. दिवा विझला म्हणजे दोष गेला असं होत नाही. गाडी घ्यायच्या आधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा स्कॅनर लावा आणि गाडी तीस-चाळीस किलोमीटर पळवून पुन्हा लावा. विकणारा नाही म्हणाला, तर त्याच नकारात तुमचं उत्तर आहे.

एवढं सांगितल्यावर कोणीतरी मोबाइल काढतोच. "अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडं याच गाडीला ९१ लागतं. आपलं साधं पेट्रोल ९१चंच असतं की!"

इथं फसगत आहे, आणि ती चांगल्या शिकल्या-सवरलेल्यांचीही होते. अमेरिकेतला आकडा दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात, आपला एकाच चाचणीचा असतो. त्यांचं ८७ म्हणजे ढोबळमानानं आपलं ९१. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५ किंवा थोडं वरच. भाचा खरं बोलतो. मामा चुकीचं ऐकतो.

जर्मनीत काय आहे? तिथं ९५ हेच पंपावरचं साधारण पेट्रोल. त्या गाडीच्या अभियंत्यानं झाकणावर ९५ लिहिलं, तेव्हा त्याच्या मनात चैन नव्हती. त्यानं त्याच्या गावातलं नेहमीचं पेट्रोल लिहिलं. ते चैनीचं ठरलं आपल्या पंपावर.

आता दुसऱ्या बाजूचीही खबर घेऊ, कारण आजार दोन्हीकडं आहे.

साध्या पेट्रोलसाठी बनवलेली आठशे-हजार सीसीची गाडी घ्यायची आणि दर रविवारी तिला प्रेमानं 'पॉवर' पाजायचं. का? "इंजिन स्मूथ होतं." ज्या इंजिनात दाबच कमी आहे, तिथं जादा धीर घेऊन काय करायचं? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं, म्हणजे 'ट्रिपल ए'नं, २०१६ मध्ये हे तपासलं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत प्रिमियम घालून ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर यांपैकी कशातही ठळक फरक पडला नाही. अमेरिकनांनी मात्र वर्षभरात २१० कोटी डॉलर या हौसेवर उधळले होते.

प्रिमियममध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात, हे मान्य. पण त्यासाठी दर लिटरला जादा मोजण्यापेक्षा एअर फिल्टर वेळेवर बदला.

आणि "साधं संपलंय, पॉवरच आहे" हे वाक्य? महाराष्ट्रात गाडी चालवणारा आणि ते न ऐकलेला माणूस दाखवा. मोटारसायकलवाला घाईत असतो, "बरं, दोनशेचं टाक" म्हणतो. आपल्याकडं पेट्रोल लिटरनं कुठं घेतात? रुपयांनी घेतात. दोनशेचं म्हटलं की बिल दोनशेच येतं आणि टाकीत पेट्रोल कमी पडतं. भाव वाढल्याचं खिशाला कळत नाही, जरा आधी रिझर्व्हला लागल्यावर कळतं. ज्या बाइकला ९५ची गरजच नाही, तिच्या मालकाकडून हे पैसे कशाचे घेतले?

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. मग इथेनॉल आलं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं ओढून २०२५ मध्येच गाठलं. आता पंपावर मिळतं ते 'ई-२०'. या भागात इथेनॉलच्या विरोधात बोलायचं म्हणजे घरच्याच चुलीवर पाणी ओतायचं. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. ऊस आमचा, मळी आमची, डिस्टिलऱ्या आमच्या. इथेनॉलच्या पैशावर उसाची बिलं निघणार असतील, तर ते निघालंच पाहिजे. माझा इथेनॉलला विरोध नाही.

विरोध आहे तो गिऱ्हाइकाला अंधारात ठेवण्याला.

ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० वरून देशभर ओरड झाली, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानं सविस्तर खुलासा केला. त्यात एक वाक्य फार महत्त्वाचं होतं. पूर्वी साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ८८ होतं, मग ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉलमुळं ते आता ९५ झालंय, असं मंत्रालय म्हणालं. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त असल्यामुळं ते वाढणं शास्त्राला धरून आहे.

मग सांगा, साधंच ९५ झालं असेल, तर शेजारच्या नोझलवर '९५' म्हणून मिळणाऱ्या पेट्रोलचे जादा पैसे कशाचे?

हा प्रश्न मंत्रालयाला नाही पडला. पंपवाल्यालाही नाही. तो पडायला हवा तुम्हाला, कारण पैसे तुमचे आहेत.

आणि ऑक्टेन वाढलं म्हणून हुरळून जाऊ नका. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. पेट्रोलला धीर आला, पण दम घटला. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे की ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी उतरू शकतं. मंत्रालयाच्या खुलाशात तोच आकडा ३ ते ६ टक्क्यांवर आला. नव्या, ई-२० ला जुळवलेल्या गाडीत उतार एक-दोन टक्क्यांचाच.

तुमची गाडी यांपैकी कोणती? एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या ई-२० सोसणाऱ्या आहेत. वळसंगच्या रस्त्यावर धावणारी सेकंडहँड ऑडी बहुतेक करून त्याआधीची असते.

जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ असतो, असंही मंत्रालय म्हणतं. किरकोळ कोणाला? गावठी गाडीचं रबर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. दहा वर्षं जुन्या जर्मन गाडीचा इंधनपाइप मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत गाडी गॅरेजात उभी राहते.

उभी राहण्याचाही त्रास आहेच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. लग्नसराईला बाहेर काढायची आणि नंतर दोन-दोन महिने ताडपत्रीखाली झाकायची, ही आपल्याकडची रीत या पेट्रोलला मानवत नाही. टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका.

या सगळ्यावर गावात एक तोडगा फिरतोय. "इथेनॉल नको असेल तर प्रिमियम टाका." चूक. ९५ चं प्रिमियमही इथेनॉल मिसळलेलंच असतं. म्हणजे इथेनॉलच्या भीतीनं जादा पैसे देणारा माणूस तेच इथेनॉल जादा भावानं घेतोय.

आणि हे त्याला सांगणारी एकही पाटी त्याच्या डोळ्यांसमोर नाही.

ऑक्टेनच्या नावाखाली लोकांपासून लपवण्याचा इतिहास तसा जुना आहे. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी नॉकिंगवर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं, तरी विकताना नाव लावलं 'इथाइल', शिशाचा उल्लेख टाळला. भारतात देशभर शिसेमुक्त पेट्रोल यायला फेब्रुवारी २००० उजाडलं. इथेनॉल विष नाही, तेवढ्यापुरती ही तुलना लागू नाहीच. पण टाकीत काय पडतंय हे न सांगण्याची सवय तीच आहे.

अमेरिकेत १९७९ पासून प्रत्येक पंपावर पिवळ्या स्टिकरवर ऑक्टेनचा आकडा लिहिणं सक्तीचं आहे. युरोपात २०१८ पासून नोझलवर आणि नव्या गाडीच्या झाकणात सारखंच चिन्ह असतं. गोलात ई-५, ई-१०. झाकणातलं आणि नोझलवरचं चिन्ह जुळवायचं, की झालं. शेंबड्या पोरालाही जमेल.

आपल्याकडं हीच मागणी घेऊन एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही ठेवा आणि पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहा, एवढंच म्हणणं होतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा मुद्दा धोरणाचा आहे, त्यावर वाद होऊ शकतो. पण प्रमाण लिहा म्हणणं, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती आणि साखर किती ते छापलेलं असतं. पाच हजारांचं पेट्रोल मात्र डोळे झाकून घ्यायचं.

"छापणं अवघड आहे" असं कोणी म्हणू नये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला पेट्रोलचा भाव बदलण्याची सोय आहे, तीही पैशापर्यंत. पंपावर रोजची घनता लिहितात. मागितलं तर फिल्टर पेपरची चाचणी करून दाखवावी लागते, पाच लिटरचं माप लावून दाखवावं लागतं. एवढं सगळं होतं, तिथं आणखी दोन आकडे लिहायला काय लागतं?

ते लिहिले जाईपर्यंत आपल्या हातात काय आहे ते करू. सेकंडहँड गाडी बघायला जाल, तेव्हा बॉनेटच्या आधी टाकीचं झाकण उघडा. स्टिकर गेला असेल तर गाडीचं मॅन्युअल मागा. 'किमान ९५' लिहिलं असेल, तर मंत्रालय साधंही ९५ चं म्हणत असलं तरी पंपावर जिथं ९५ लिहिलंय तेच टाका, आणि तो जादा खर्च गाडी घेतानाच हिशेबात धरा. तो झेपत नसेल तर ती गाडी झेपत नाही, दुसरी बघा. 'किमान ९१' असेल आणि ९५ची नुसती शिफारस असेल, तर साधं बिनधास्त टाका, फक्त उन्हाळ्यात भरल्या गाडीनं ओव्हरटेक करताना गिअर पाडा. ९५चा उल्लेखच नसेल, तर पॉवरचा एक रुपयाही देऊ नका. आणि गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाइप हातानं दाबून बघायला मेकॅनिकला सांगा. कडक झालेत की चिकट, हे त्याला लगेच कळतं.

शेवटचं काम पंपावरचं आहे. प्रत्येक पंपावर तक्रार वही असते आणि ती गिऱ्हाइकानं मागितली की द्यावीच लागते. पुढच्या वेळी पेट्रोल भरलं की ती मागा. नोझलवर ऑक्टेन आणि इथेनॉलचा आकडा लिहिलेला नसेल, तर तारीख घालून तेवढंच लिहा आणि खाली सही करा. एका सहीनं काही होत नाही. वळसंगपासून अक्कलकोटपर्यंतच्या प्रत्येक वहीत पानभर सह्या झाल्या, तर कंपनीच्या अधिकाऱ्याला त्या वाचाव्याच लागतील.